सेकंड व्हायोलिन, शेवटचा स्टँड

मागच्या महिन्यात पुण्याहून एका मुलीचा मेसेज आला. ऑगस्टमध्ये ती अमेरिकेत पीएचडीला निघाली आहे. व्हायोलिन सोबत न्यावं की घरीच ठेवावं, आणि संगीत विभागात नसलेल्या मुलांना तिथल्या ऑर्केस्ट्रात घेतात का, असं तिने विचारलं होतं. उत्तर लिहायला बसले तर ते लांबतच गेलं, म्हणून सगळं इथेच लिहिते.

मी इलिनॉयमधल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएचडी करते. २०२३-२४ चा अख्खा हंगाम मी तिथल्या ऑर्केस्ट्रात वाजवला. चार कार्यक्रम आणि सगळं अमेरिकन संगीत. माझी तयारी किती होती हे आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. सातव्या वर्षापासून मी बाईंकडे हिंदुस्थानी व्हायोलिन शिकले, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवून. दहावीनंतर हट्टाने कॅम्पातल्या एका गोव्याच्या सरांकडे पाश्चात्त्य पद्धत सुरू केली आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पाच ग्रेड परीक्षा दिल्या. मग इंजिनियरिंग, नोकरी, आणि चार वर्षं व्हायोलिनची पेटी, म्हणजे केस, कपाटावर धूळ खात. ऑर्केस्ट्रात मी कधीच बसले नव्हते.

व्हायोलिन मी केबिनमध्ये घेतलं. मुंबईच्या काउंटरवर केसची लांबी मोजून झाली, थोडा वाद झाला आणि सोडलं. चूक माझ्याकडून आधीच झाली होती. विमानात हवेच्या दाबाने तारा तुटतात असं कुणीतरी सांगितलं आणि मी चारही तारा पार ढिल्या केल्या. इथे येऊन केस उघडली तर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) आडवी पडलेली आणि आतून खुळखुळ आवाज येतोय. व्हायोलिनच्या पोटात एक छोटी काठी उभी असते, साउंडपोस्ट म्हणतात तिला. ती चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावरच उभी असते. ताण गेला की ती पडते. दुरुस्तीवाला शेजारच्या गावात, बसने पन्नास मिनिटं, ६५ डॉलर. तेव्हा तारा अर्ध्या सुराने उतरवा, त्याहून जास्त नको, आणि घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड घाला.

ऑडिशनचा तक्ता सोमवारी २१ ऑगस्टला सकाळी आठ वाजता ऑनलाइन उघडला. सव्वाआठला मी बघितलं तेव्हा गुरुवार संध्याकाळचे ५:४० एवढंच शिल्लक होतं. मागणी अशी होती: तीन सप्तकांची एक स्केल, दोन मिनिटांचा स्वतःच्या पसंतीचा तुकडा, ड्व्होर्झाक या संगीतकाराच्या नवव्या सिंफनीतल्या (सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) शेवटच्या भागाचं एक पान, आणि समोर ठेवतील ते बघून वाजवणं. यातलं शेवटचं मला येत नाही. आपल्याकडे कानाने उचलायची सवय. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, मी वाचते, पण बसस्टॉपवरच्या पाट्या वाचाव्यात तसं, एकेक.

खोलीत कंडक्टर (हाताच्या इशाऱ्याने ऑर्केस्ट्रा चालवणारे) आणि कॉन्सर्टमास्टर (व्हायोलिनवाल्यांतला पहिला) दोघेच होते. मी आत जाताच कंडक्टरना 'सर' म्हणाले. त्यांनी हसून स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. ते नाव तोंडात बसायला मला पुढे ऑक्टोबर उजाडला. स्केल बरी गेली, ड्व्होर्झाक घाईत गेला. मग समोर जे पान आलं त्यात दर ओळीला ताल बदलत होता. तिसऱ्या ओळीत माझा धागा सुटला आणि मी गज उचलून उभी राहिले. ते म्हणाले, वाजवणं थांबलं तरी हरकत नाही, मोजणं थांबवू नकोस. मी नुसतंच पायाने मोजत राहिले आणि शेवटच्या दोन ओळी पुन्हा पकडल्या. सगळं मिळून आठ मिनिटं. वसतिगृहावर परत येताना मला खात्री होती की आपलं काही होत नाही.

शनिवारी रात्री ईमेल आली. सेकंड व्हायोलिन, म्हणजे व्हायोलिनच्या दोन गटांतला दुसरा, सहावा स्टँड, आतली बाजू. एका स्टँडवर दोघं बसतात. श्रोत्यांच्या बाजूचा 'बाहेरचा', दुसरा 'आतला'. पानं उलटायचं काम आतल्याचं. सहावा म्हणजे शेवटचा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, शेवटी का होईना, आत बसवलंय ना?"

खरी दमछाक यानंतर झाली, आणि तिचा संगीताशी काही संबंध नव्हता. ऑर्केस्ट्रा हा अभ्यासक्रमातला विषय असतो, त्यामुळे नाव नोंदवल्याशिवाय बसता येत नाही. माझी फी असिस्टंटशिपमधून जाते, पण ठरलेल्या क्रेडिटपुरतीच. वरच्या एका क्रेडिटचे पैसे मला भरावे लागले असते. चौकशीत कळलं की शून्य क्रेडिटवर नोंदणी चालते. पण ती संगणक स्वीकारेना, कारण मी संगीत विभागाची नाही. त्यासाठी परवानगीचा वेगळा फॉर्म. त्यावर कंडक्टरची सही, मग माझ्या गाइडची, मग आमच्या विभागाच्या ऑफिसची. एका खिडकीवर सांगितलं की फॉर्म कागदावर हवा, दुसरीवर तोच पीडीएफ करून मागितला. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन मी शून्य क्रेडिटच्या विषयाने व्हिसाच्या पूर्णवेळ नोंदणीत फरक पडतो का तेही विचारून घेतलं. माझे बाकीचे क्रेडिट पुरेसे होते, त्यामुळे काही अडचण नव्हती. पण तुम्ही स्वतः विचारा, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका. मुदत शुक्रवारी १ सप्टेंबरला संपत होती, माझं काम गुरुवारी दुपारी झालं. विभागाची फी ४० डॉलर. काळा लांब ड्रेस जुन्या कपड्यांच्या दुकानातून १८ डॉलरला.

सोमवारी २८ ऑगस्टला पहिली तालीम. दर सोमवारी आणि बुधवारी सात ते सव्वानऊ. पाच मिनिटं आधी पोचले तर सत्तर माणसं आधीच जागेवर. इथे सातला तालीम म्हणजे सातला पहिला सूर, पेटी उघडायची वेळ नव्हे. ओबो या फुंकवाद्याने 'ए' हा सूर दिला, आधी फुंकवाद्यांनी, मग आम्ही जुळवून घेतलं. मला सवयीने तानपुरा आठवला. तो सोबत राहतो, हा एकदा सूर देऊन गप्प होतो.

माझा स्टँड-पार्टनर एकोणीस वर्षांचा, शेतकी शिकणारा, मक्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या दहा मिनिटांत त्याने मला जे शिकवलं ते कुठल्या ग्रेडमध्ये नव्हतं. गज वर की खाली हे पुढचे ठरवतात, तू ठरवायचं नाही. खुणा फक्त पेन्सिलने, आणि लिहायचं आतल्याने. पान उलटण्याआधी दोन माप (मात्रांचे दोन गट) वाजवणं सोड, तेवढं मी सांभाळतो. कुणी सोलो छान वाजवला तर टाळ्या नाहीत, पाय जमिनीवर हलकेच घासायचे.

पहिल्या कार्यक्रमात आरोन कोपलँडचं 'ॲपलेशियन स्प्रिंग' आणि ड्व्होर्झाकची नववी. ड्व्होर्झाक अमेरिकन कसा, असा प्रश्न मलाही पडला होता. तो चेक देशाचा. १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संगीतविद्यालयाचा संचालक म्हणून आला, आणि ही सिंफनी तिथेच लिहून १६ डिसेंबर १८९३ ला कार्नेगी हॉलमध्ये वाजली. त्याचं म्हणणं होतं की अमेरिकेने आपलं संगीत कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून उभं करावं. त्याच विद्यालयातला हॅरी बर्ली हा तरुण त्याला ती गाणी म्हणून दाखवत असे. चारही कार्यक्रमांचा धागा इथूनच निघतो, असं कंडक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला त्या वेळी त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, मी मोजत होते.

मोजणं म्हणजे काय हे त्या सिंफनीतल्या झांजवाल्याला विचारावं. चार भागांत मिळून झांज एकदाच वाजते, शेवटच्या भागात, तीही हळू. ट्यूबा हे मोठं पितळी फुंकवाद्य फक्त दुसऱ्या भागात. बाकी वेळ ही माणसं ताठ बसून मोजतात. बैठकीत तबलजी आवर्तन धरून असतो, त्यामुळे आपण भटकून समेवर येऊ शकतो. इथे सम हातात आणून देणारं कुणी नाही. कंडक्टरचा हात असतो, पण शेवटच्या स्टँडवरून तो समोरच्या दहा डोक्यांच्या फटीतून दिसतो.

कोपलँडचं मूळ संगीत मार्था ग्रॅहम या नर्तिकेच्या नृत्यासाठी, फक्त १३ वाद्यांचं. ३० ऑक्टोबर १९४४ ला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये झालं. तिथल्या रंगमंचापुढे एवढीच माणसं मावत होती. मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी नंतर केलं. गंमत अशी की लिहिताना त्याच्याकडे नावच नव्हतं. ते ग्रॅहमने शेवटी एका कवितेतून उचललं, आणि कवितेतला 'स्प्रिंग' म्हणजे वसंत नव्हे, झरा. तरी लोक त्याला जन्मभर सांगत राहिले की तुमच्या संगीतात ॲपलेशियाचे डोंगर आणि वसंत अगदी दिसतो हो! ऐकायला ते निर्मळ वाटतं. वाजवायला मात्र घात, कारण चार मात्रांत स्थिरावलं की मध्येच पाच, मग तीन. ऑडिशनमधलं ते पान याचंच होतं. मी घरी दर मापाला बोल बसवले, पाचाला 'धा धिं ना, धा धिं' आणि तिनाला 'धा धिं ना'. पार्टनरने ते ऐकलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून तोही पुटपुटायला लागला. त्याचा 'धा' 'डा' असायचा.

१९ सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा मी मेट्रोनोमसमोर (टकटक करून लय देणारं यंत्र) होते. ६ ऑक्टोबरला कार्यक्रम झाला. मला आठवतो तो फक्त लार्गोतला, म्हणजे ड्व्होर्झाकच्या संथ दुसऱ्या भागातला, इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्याचा सूर, आणि नंतर पाय घासल्याचा आवाज. आणखी एक आठवतं. कोपलँडचे पार्ट (प्रत्येक वाद्याच्या वाट्याची छापील पानं) भाड्याचे होते, परत द्यायची तारीख मी वाचलीच नाही. चार दिवस उशीर, २५ डॉलर दंड. पाकिटावरची स्लिप पहिल्याच दिवशी वाचा.

नोव्हेंबरचा कार्यक्रम १७ तारखेला. त्याच्या आदल्या रविवारी लक्ष्मीपूजन होतं. हजेरीचा नियम कडक आहे, सत्रात एकच गैरहजेरी माफ आणि रंगीत तालमीला तीही नाही. धार्मिक सणासाठी वेगळी सुट्टी मिळते, पण सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत अर्ज केला तरच. मला हे नोव्हेंबरात कळलं. तुम्ही कॅलेंडर घेऊन सप्टेंबरातच बसा.

या वेळी सॅम्युअल बार्बरचं 'अडाजिओ' आणि विल्यम ग्रँट स्टिलची 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी'. अडाजिओत पाच कोमल स्वर आणि इतके लांब सूर की गज पुरत नाही. शेजारी-शेजारी गज वेगवेगळ्या वेळी बदलायचा, म्हणजे सांधा ऐकू येत नाही. माझ्या बाईंनी पंधरा वर्षं मला शिकवलं की गजाचा सांधा लपव. इथे तो बाराजणांनी मिळून लपवायचा असतो. आपला सूर ओळखू आला तर चुकलं. हे मला जड गेलं, खोटं कशाला सांगू. बैठकीत आपला सूर आपला म्हणून ओळखू यावा यासाठीच तर सगळा खटाटोप. दोन आठवडे मी मनातून रुसून वाजवत होते. पार्टनर शेवटी म्हणाला, तू चांगली वाजवतेस, पण मला फक्त तूच ऐकू येतेस. ते कौतुक नव्हतं.

स्टिलची सिंफनी १९३० ची. १९३१ मध्ये रॉचेस्टरला हॉवर्ड हॅन्सनने ती प्रथम वाजवली. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या सुरावर अख्खी सिंफनी उभी आहे, आणि तिसऱ्या भागात चक्क बँजो, गिटारसारखं छेडायचं तंतुवाद्य. विद्यापीठात बँजोवाला मिळेना, म्हणून गावातल्या एका बारमध्ये दर गुरुवारी वाजवणारे पासष्टीचे गृहस्थ आणले. त्यांना कंडक्टरच्या हाताकडे बघून वाजवायची सवय नव्हती, मला समोरच्याचं न ऐकता वाजवायची नव्हती. दोघं चहाच्या सुट्टीत कोपऱ्यात जाऊन मोजायचो. आईला सांगितलं की सिंफनीत बँजो आहे, तर पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे मिरवणुकीतला बेंजो?" तिच्या डोळ्यांसमोर लाउडस्पीकर लावलेली गाडी आणि टाइपरायटरसारखी बटणं दाबणारा पोरगा. आपला बेंजो हे वेगळंच वाद्य आहे, हे मी समजावलं नाही. तिने सोसायटीत सगळ्यांना तसंच सांगितलं आहे.

हिवाळ्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. डिसेंबरात खोल्यांमध्ये हीटर सुरू होतात आणि हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. सकाळी केस उघडली तर खुंट्या सुटून चारही तारा लोंबत. जानेवारीत व्हायोलिनच्या कडेचा सांधा बोटभर उकलला. घाबरू नका, तो सरसाने जोडलेला असतो तो अशा वेळी उकलण्यासाठीच, नाहीतर फळी तडकते. चिकटवायला ४५ डॉलर. केसमध्ये ठेवायचा ओलावा देणारा तुकडा १२ डॉलरला मिळतो, तो नोव्हेंबरातच घ्या.

१२ फेब्रुवारी २०२४ ला गर्श्विनच्या 'रॅप्सडी इन ब्लू'ला शंभर वर्षं झाली आणि आमचा कार्यक्रम १६ ला. सुरुवातीची क्लॅरिनेटची ती वर चढणारी किंचाळी मूळ कागदावर साधी स्वरांची चढण होती. १९२४ च्या तालमीत क्लॅरिनेटवाल्याने थट्टेने ती घसरत नेली आणि गर्श्विनला ती आवडली. सरळ मींडच ती! मी व्हायोलिनवर काढून दाखवली तर आमची क्लॅरिनेटवाली मुलगी म्हणाली, हे तुला कुणी शिकवलं? ऑर्केस्ट्रात त्या वर्षात मला कुणी काही विचारलं असेल तर ते एवढंच.

त्याच कार्यक्रमात चार्ल्स आइव्ह्जचं 'द अनआन्सर्ड क्वेश्चन'. हा माणूस पोटापाण्यासाठी विम्याचा धंदा करायचा. तंतुवाद्यं अगदी हळू, लांब सूर धरून असतात, त्यांना कशाशीच देणंघेणं नाही. ट्रंपेट सात वेळा तोच प्रश्न विचारतो आणि बासऱ्या उत्तर देता देता चिडत जातात. आम्हाला विंगेत, पडद्यामागे उभं केलं होतं. सहा मिनिटं मंद, एकसारखा सूर. त्या रात्री पहिल्यांदा माझा सूर मलाच ऐकू येत नव्हता आणि ते मला कार्यक्रम संपल्यावर लक्षात आलं.

एप्रिलसाठी फ्लॉरेन्स प्राइसची पहिली सिंफनी. १५ जून १९३३ ला शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉकच्या हाताखाली ती वाजवली. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्राने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवायची ती पहिली वेळ. बाई मूळच्या आर्कान्सॉच्या, १९२७ मध्ये शिकागोला आलेल्या. १९५३ मध्ये त्या गेल्या आणि त्यांचं बरंचसं संगीत गडप झालं. २००९ मध्ये सेंट ॲन नावाच्या गावात एक जोडपं पडकं घर दुरुस्त करायला गेलं, तिथे त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. ते त्यांचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं. सेंट ॲन इलिनॉयमध्येच आहे. मी एका रविवारी मैत्रिणीच्या गाडीतून त्या गावातून गेले. मका नुसता पेरायचा होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बघण्यासारखं काही नाही, पण मी गेले.

तिसऱ्या भागाचं नाव 'जुबा डान्स'. जुबा म्हणजे अंगावर, मांडीवर थापट्या मारून धरलेला ताल, गुलामांच्या वस्त्यांतला. त्यात व्हायोलिनला आडवी लय आहे, दोन मात्रांच्या मध्ये ठोका. माझ्या हाताला ती पहिल्याच दिवशी बसली आणि पार्टनरला बसेना. या वेळी मी त्याला बोल करून दिले. ८ एप्रिलला सूर्यग्रहण होतं. अर्धा ऑर्केस्ट्रा खग्रास बघायला दक्षिणेकडे गेला आणि परत येताना हायवेवर अडकला. तालीम चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली, या हंगामात पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. मी लॅबमधल्या स्टँडला रुमाल बांधून वर स्टीलचा पेला उलटा घातला, फोटो बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "गुढी छान. रियाज चालू आहे का?"

१९ एप्रिलला शेवटचा कार्यक्रम झाला. विद्यार्थ्यांना तिकीट नव्हतं, तरी बाल्कनी अर्धी रिकामी होती. जुबा संपल्यावर दोनचार लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. तशी इथे रीत नाही, पण मला बरं वाटलं.

सोमवारी पार्ट परत द्यायचे होते. या वेळी स्लिप वाचली होती: सर्व खुणा खोडून, २२ तारखेला पाचच्या आत. ड्व्होर्झाकचा पार्ट विद्यापीठाच्या मालकीचा, त्याच्या मागच्या पानावर आधीच्या पोरांची नावं आणि सालं लिहिलेली होती, सगळ्यात जुनं १९६१ चं. भाड्याच्या पार्टवर तसं काही ठेवायचं नसतं. मी आणि पार्टनर लायब्ररीच्या खोलीत खोडरबर घेऊन बसलो. गजाच्या खुणा, चष्म्याची चित्रं (म्हणजे इथे वर बघ), वर्तुळं. खोडलं तरी दाबून लिहिलेल्याचे वळ राहतात. आमच्या खुणांखाली आणखी कुणाच्या तरी खुणांचे वळ होतेच. जुबाच्या आधी एका ठिकाणी मी देवनागरीत 'थांब' लिहिलं होतं, गडद. ते जाईना. पार्टनरने त्याचा रबर दिला, तो कागदाला लागून भुरका डाग पडला.

लायब्रेरियनने पानं मोजली, डागावर अंगठा फिरवला, आणि विचारलं की हे काय होतं. मी सांगितलं. त्याने मान हलवली, स्लिपवर तारीख टाकली आणि पार्ट पाकिटात सरकवला.